‘डेड सायलेन्स’: बाहुला गप्प बसतो तेव्हा

बाहुल्याला बोलतं करणाऱ्या शब्दभ्रमकाराच्या कलेत ओठांना काम नसतं. ओठ किंचित विलग ठेवायचे, दात जवळजवळ टेकलेले, आणि सगळी कसरत आतल्या आत जिभेने करायची. अडतं ते प, फ, ब, भ, म या अक्षरांपाशी. ओठ न मिटता ‘मामा’ म्हणून बघा, ‘नाना’ बाहेर पडेल. ‘बाबा’चं ‘डाडा’ होईल. मुरलेला कलाकार जीभ दातांमागे अशी काही दाबतो की उरलेली दुरुस्ती ऐकणाऱ्याचा कान स्वतःच करून घेतो. म्हणजे सगळी मदार जिभेवर. आता अशा एका कलावतीची जीभच गावाने कापून घेतली आणि मेल्यावर ती परत आली, तर काय वसूल करेल? २००७ सालच्या ‘डेड सायलेन्स’चा डोलारा या एका कल्पनेवर उभा आहे. कल्पना अव्वल आहे. पटकथा तिला पुरी पडत नाही, आणि तरीही हा भयपट एकदा नीट, म्हणजे नीट आवाजात, बघावा असा आहे.

दिग्दर्शक जेम्स वान, पटकथाकार ली व्हॅनेल. ‘सॉ’ या भयपटामुळे नाव झाल्यावर या जोडीला मोठ्या स्टुडिओचे पैसे मिळाले, ते इथे लागले. १६ मार्च २००७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. खर्च सुमारे २ कोटी डॉलर, जगभरातली तिकीटविक्री सुमारे २.२ कोटी. जाहिरातीचा आणि थिएटरवाल्यांचा वाटा धरला तर हा तोट्याचाच हिशोब. लांबी ८९ मिनिटं. सुरुवातीलाच युनिव्हर्सल कंपनीचं जुन्या काळातलं बोधचिन्ह येतं, ते उगाच नाही. धुक्यातली कबरस्तानं, पडकं नाट्यगृह, करकरणारी दारं असा सगळा जुन्या भुताटकीपटांचा थाट पुढे येणार आहे याची ती पूर्वसूचना.

गोष्ट अशी. जेमी आणि लिसा या जोडप्याच्या दाराशी एक खोकं येतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत बिली नावाचा शब्दभ्रमकाराचा बाहुला. जेमी जेवण आणायला बाहेर पडतो, परत येतो तेव्हा बायको मेलेली, जबडा फाकलेला, जीभ गायब. पोलिसांचा संशय त्याच्यावर. तो बाहुल्याला गाडीत घालून आपल्या जन्मगावी, रेव्हन्स फेअरला जातो. तिथे मेरी शॉची कथा कळते. १९४१ साली तिच्या प्रयोगात एका पोराने सर्वांसमक्ष टोकलं, तुमचे ओठ हलताना दिसतात म्हणून. पुढे ते पोर बेपत्ता झालं, गावकऱ्यांनी बाईला किंचाळायला लावून तिची जीभ कापली आणि तिला मारलं. तिच्या इच्छेप्रमाणे तिच्या देहाचाच बाहुला करून १०१ बाहुल्यांसह पुरलं. तेव्हापासून गावातली पोरं एक गाणं म्हणतात: स्वप्नात ती दिसली तर किंचाळू नका. किंचाळलात की जीभ गेली.

चित्रपटाची खरी करामत ध्वनीत आहे. मेरी शॉ जवळ आली की आजूबाजूचे आवाज मरत जातात. लिसाचा प्रसंग पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखा आहे. घरातले रोजचे आवाज चालू असतात, किटली शिट्टी घालत असते, आणि कोणीतरी जगाचा खटका हळूहळू खाली करावा तसे ते ओसरतात. उरतो फक्त तिचा श्वास. बहुतेक भयपट दचकवण्याआधी संगीत चढवत नेतात, त्यामुळे प्रेक्षक सावध होतो; इथे उलटं आहे, आणि म्हणून जास्त परिणाम करतं. कोणत्याही खोलीला स्वतःची एक बारीक घूं असते. सिनेमात ध्वनिसंयोजक ती मुद्दाम भरतात, कारण ती नसली की प्रेक्षकाला कारण न कळता काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. इथे नेमकी तीच काढून घेतली आहे. मग आपल्यालाच आपला श्वास ऐकू येऊ लागतो, आणि कोणीतरी खोकलं तरी अंगावर काटा येतो. चार्ली क्लाउझरचं संगीत या शांततेच्या अलीकडे-पलीकडे वावरतं. मुख्य धून खेळण्यातल्या पेटीसारख्या उंच, टणटणत्या स्वरांची आहे आणि चित्रपट संपल्यावरही डोक्यातून जात नाही.

या शांततेचं शहाणपण समजायला मूळ कलेकडे वळावं लागतं. शब्दभ्रम म्हणजे पोटातून बोलणं नव्हे. आवाज नेहमीसारखाच घशातून येतो. ‘व्हेंट्रिलोक्विस्ट’ या शब्दातला लॅटिन ‘पोट’ हा जुन्या समजुतीचा अवशेष आहे: मेलेल्यांचे आत्मे जिवंतांच्या पोटातून बोलतात अशी ती समजूत, आणि चित्रपट सुरुवातीच्या पाटीवर तीच सांगतो. खरी फसवणूक डोळ्यांची असते. जवळपास कुठे तोंड हलताना दिसलं की आवाज तिथूनच आला असं कान मान्य करतो. आता गंमत बघा, सिनेमा स्वतःच हा खेळ दिवसरात्र खेळतो. आवाज येतो स्पीकरमधून, आपल्याला वाटतं पडद्यावरचा माणूस बोलतोय. त्यामुळे पडद्यावर बाहुला कितीही सफाईने बोलला तरी त्याची किंमत शून्य. कोणीही मागाहून आवाज चिकटवू शकतो. रंगमंचावर जी कला थक्क करते ती इथे आपोआप फुकट जाते. वानला हे कळलं असावं. १९४१ चा प्रयोग सोडला तर त्याने बाहुल्यांना फारसं बोलायला लावलेलंच नाही.

पळायलाही लावलेलं नाही. बिली सुरी घेऊन मागे लागत नाही. तो खुर्चीत बसतो, गाडीत शेजारच्या सीटवर बसतो, आणि मध्येच त्याची नजर सरकते. अशा बाहुल्याच्या आतली रचना साधी असते: पोकळ धड, मागून हात घालायची जागा, डोक्याखाली एक दांडी, दांडीवर कळ. कळ दाबली की दोरी जबडा खाली ओढते, सोडली की स्प्रिंग तो वर घेते. डोळ्यांसाठी वेगळी कळ. मिटताना जबड्याचा टक् आवाज होऊ नये म्हणून आत फेल्ट किंवा चामड्याची पट्टी लावतात; ती झिजली की प्रयोगाचं हसं होतं, आणि स्प्रिंग थकली की बाहुला ‘आ’ वासून बसतो. हे माहीत असेल तर बिलीची नजर सरकते तेव्हा आपण आधी त्याच्या पाठीकडे बघतो, हात कुठे आहे म्हणून. हात नसतो. एवढ्यावरच तो प्रसंग उभा राहतो. जबडा हलायला ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत ज्या दोन उभ्या फटी ठेवाव्या लागतात, त्या मेरी शॉच्या चेहऱ्यावरही आहेत. मेकअपचं सगळ्यात अस्सल काम त्या दोन रेघांत आहे.

तळ्यातलं पडकं नाट्यगृह हा दुसरा मोठा ऐवज. त्याचं नाव ‘गिन्योल’, आणि ते दोन्ही अंगांनी बसतं: गिन्योल हे फ्रान्सच्या ल्योंमधलं जुनं बाहुलीपात्र, आणि ‘ग्राँ गिन्योल’ हे पॅरिसमध्ये १८९७ ते १९६२ चाललेलं रक्तरंजित नाटकांचं थिएटर. आतली बाहुल्यांची भिंत दिसते, आणि मग सगळी डोकी एकदम वळतात. अशा वेळी लगेच किंकाळी किंवा ढॅण् टाकायचा मोह होतो. इथे प्रसंगाला क्षणभर श्वास घेऊ दिलाय. त्या गर्दीत ‘सॉ’मधल्या बाहुल्याचंही दर्शन घडतं, त्याचंही नाव बिलीच. छायाचित्रकार जॉन लिओनेटीने रंग पिळून काढून सगळं निळं-राखाडी केलं आहे आणि लाल तेवढा जिवंत ठेवलाय. जेमीची गाडी लाल, मोटेलचा दिवा लाल. याच लिओनेटीने पुढे २०१४ मध्ये ‘ॲनाबेल’ दिग्दर्शित केला. बाहुल्यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही म्हणायचं.

आता जिथे माती खाल्ली ते. डॉनी वॉलबर्गचा डिटेक्टिव्ह लिप्टन जाईल तिथे विजेच्या रेझरने दाढी करतो. लेखकाने पात्र घडवायला वेळ नसला की हातात एक वस्तू द्यावी, तसा हा रेझर आहे. खून झालेल्या खोलीतला बाहुला पुरावा म्हणून जमा होत नाही. संशयित तो उचलून बिनदिक्कत गावी नेतो, आणि पोलिसाला ते मागाहून खटकतं. रायन क्वांटेनच्या जेमीला बायको गेल्याचं दुःख असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून कळायला कष्ट पडतात. आणि सर्वांत मोठी नासाडी नियमाची. ‘किंचाळू नका’ हा इतका सोपा, इतका खेळता येण्याजोगा नियम हाती असताना पात्रं तोंडावर हात ठेवण्यापलीकडे जात नाहीत. तोंडात बोळा कोंबलेला माणूस, मुकं पात्र, झोपेत ओरडणारं मूल, एकदाही या वाटांना कोणी फिरकत नाही. संगणकावर ताणलेले चेहरे आणि लवलवणारी जीभ तेव्हाच कच्ची वाटत होती, आता तर फारच. सेन्सॉरमुक्त आवृत्तीत जिभेचं हे प्रकरण वाढवलं आहे. दोन्ही उपलब्ध असतील तर चित्रपटगृहातलीच निवडा, काही बिघडत नाही.

बघण्याबाबत थोडं, कारण हा चित्रपट चुकीच्या आवाजात बघितला तर उरतच नाही. मोबाइलचा स्पीकर बाद. टीव्ही किंवा साउंडबारमध्ये नाइट मोड किंवा आवाज समान ठेवणारी सोय चालू असेल तर बंद करा. ती हळू आवाज वर ओढते आणि मोठे दाबते, म्हणजे जी शांतता बघायला बसलात तीच भरून टाकते. कान पूर्ण झाकणारे हेडफोन उत्तम. खोलीत बघणार असाल तर पंखा आणि एसी या ८९ मिनिटांपुरते बंद ठेवा. आवाजाची पातळी सुरुवातीच्या संवादांवर ठरवा आणि मग रिमोटला हात लावू नका. शांत प्रसंगात आवाज वाढवलात तर पुढचा धक्का कानठळ्या बसवेल आणि भीतीऐवजी चीड येईल. कर्णबधिरांसाठी असलेल्या सबटायटल्समध्ये ‘आवाज विरतात’ अशी सूचना पडद्यावर आधीच उमटण्याचा धोका असतो, त्यामुळे गरज नसेल तर फक्त संवादांची निवडा.

शेवट फोडत नाही. उलगडा झरझर जुन्या दृश्यांचे तुकडे दाखवत येतो आणि लबाडी केल्यासारखा वाटतो, पण लबाडी नाही, सगळं आधी समोर ठेवलेलं आहे. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जेमीच्या आजारी वडिलांचे प्रसंग सावकाश बघा. बॉब गंटन त्या चाकाच्या खुर्चीत कसा बसलाय, मान किती हलते, आणि तो बोलत असताना त्याची तरुण बायको नेमकी कुठे उभी आहे.