जोडीतलं डावं इंजिन

खोल समुद्रात मासेमारीला जाणारी सेंटर कन्सोल, म्हणजे मधोमध सुकाणू असलेली, बोट वापरलेल्या बोटींच्या बाजारात आली की जाहिरातीत एक शब्द हमखास असतो: जोडी. "एकाच वेळी बसवलेली इंजिनांची जोडी, दोन्ही सारखीच चाललेली, दोन्हींचे तास सव्वातीनशे." गिऱ्हाइकाला नेमकं हेच ऐकायचं असतं. किनारा दिसेनासा झाल्यावर एक बंद पडलं तर दुसरं घरी आणेल, या भरवशावर तर माणूस एका मोठ्या इंजिनाऐवजी दोन घेतो आणि दुप्पट देखभाल अंगावर घेतो. मला विकलेल्या बोटीचं उजवं इंजिन जाहिरातीत लिहिल्याबरहुकूम होतं. डावं नव्हतं. ते कधीतरी खाऱ्या पाण्यात बुडालेलं, मग धुऊन, रंगवून उजव्याच्या शेजारी उभं केलेलं होतं. विकणाऱ्याने केलेली झाडून सगळी तजवीज एकाच गोष्टीसाठी होती: ही दोन इंजिनं कोणी एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

विकणारा कोण ते लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. इंजिनाची कंपनीही सांगत नाही, कारण यात तिचा काही दोष नाही.

आधी तासांचं. कन्सोलवरचं तास मोजणारं घड्याळ बदलायला अर्धा तास पुरतो, म्हणून त्यावर विसंबायचं नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या कंप्युटरमध्ये खरी नोंद असते. एकूण तास तर असतातच, शिवाय किती तास कोणत्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) गेले याची विभागणी आणि जुन्या बिघाडांचे कोडही असतात. मेकॅनिक लॅपटॉप जोडून तो रिपोर्ट काढतो. मी रिपोर्ट मागितला, आणि मागण्याआधीच तयार असल्यासारखी दोन पानं समोर आली. एका पानावर ३२६ तास, दुसऱ्यावर ३२६. वरची पट्टी, जिथे सीरियल नंबर येतो, दोन्ही पानांवर कापली गेली होती. "प्रिंटरची मार्जिन," असं उत्तर मिळालं. जुळी इंजिनं म्हटल्यावर आकडे सारखे असणार असंच कोणालाही वाटतं, आणि युक्ती उभी आहे ती तिथेच. एकाच इंजिनाचा रिपोर्ट दोनदा छापलेला होता.

खरं तर जुळ्या इंजिनांचे तास इतके तंतोतंत जुळणं हीच शंकेची गोष्ट. मासेमारी करणारे लोक गळ ओढत हळू फिरताना पुष्कळदा एकच इंजिन चालू ठेवतात, बंदरातून एकावर बाहेर पडतात, एखादं आठवडाभर दुरुस्तीला असतं. दोन-चार वर्षांत दहा-वीस तासांचा फरक सहज पडतो, आणि आरपीएमची विभागणी तर मुळीच एकसारखी येत नाही. म्हणून छापील कागद घेऊ नका. आपला मेकॅनिक, आपला लॅपटॉप, दोन्ही इंजिनं एकापाठोपाठ, आणि पडद्यावरचा सीरियल नंबर इंजिनाच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीशी तिथल्या तिथे जुळवायचा. काही कंपन्यांच्या इंजिनांत ब्लॉकवरच्या लहान धातूच्या चकतीवरही नंबर ठोकलेला असतो. पट्टी बदलणाऱ्याला तो बदलणं जड जातं. दोन्ही नंबर उत्पादकाच्या अधिकृत डीलरला कळवले की इंजिन कोणत्या साली विकलं गेलं, वॉरंटीत काय काय झालं, चोरीची तक्रार आहे का, यातलं बरंच कळू शकतं. मोठी आउटबोर्ड इंजिनं, म्हणजे अशी बाहेर टांगलेली, ट्रान्समवरून, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवरून, उचलून नेणाऱ्या टोळ्या असतात, तेव्हा हा फोन आळसाने टाळू नये.

आता ट्रायल. बोट ट्रेलरवर होती. पाण्याचा पाइप जोडून दोन्ही इंजिनं चालू करून दाखवली, दोन्हींतून पाण्याची धार जोरात बाहेर पडत होती. तेवढ्यावर भुलू नका. त्या धारेवरून पाण्याचा पंप चालतोय इतकंच समजतं, सिलिंडरभोवतीच्या वाटा मिठाने भरल्यात की नाही हे नाही. मग बंदराच्या आत एक फेरी झाली, जिथे वेगाला मनाई. म्हणजे बोट प्लेनवर, वेगाने पाण्यावर उचलून धावायच्या स्थितीत, आलीच नाही, इंजिनांवर भार असा पडलाच नाही. "बाहेर समुद्र खवळलाय" हे कारण ऐकायला रास्त वाटतं, पण मग समुद्र शांत होईपर्यंत पैसेही थांबायला हवेत. आणि इंजिनं आम्ही पोचायच्या आधीच गरम होती. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं चालू होतं, धूर किती काढतं, हे पाहायचं असेल तर कव्हर काढून हात लावून बघावा, कोमट असेल तर परत यावं.

डाव्या इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारी झडप, काढून टाकलेला होता. तापणारं इंजिन थोडा वेळ थंड दाखवायची ही जुनी चलाखी आहे. तिची खूण ऑइलमध्ये सापडते. फोर-स्ट्रोक इंजिन पुरेसं तापलं नाही की न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वर चढलेली दिसते आणि वास पेट्रोलचा येतो. धोक्याची सूचना देणाऱ्या भोंग्याची वायरही उपटलेली होती. अनेक इंजिनांत चावी फिरवताच भोंगा क्षणभर वाजून आपण जिवंत असल्याचं सांगतो. इथे शांतता होती, आणि विकणारा नेमका त्याच वेळी मासे शोधणाऱ्या सोनार यंत्राबद्दल भरभरून बोलत होता.

बिंग फुटलं ते पहिल्या लांबच्या फेरीत. भरधाव चालू असताना डाव्याचा आरपीएम काटा अचानक दोन हजारांच्या आसपास पडला आणि तिथून हलेना. इंजिन तापलं की त्याचा कंप्युटर त्याला वाचवण्यासाठी असा लगाम घालतो, भोंगा मात्र मुका. बंद केलं, टिल्ट करून पाण्याबाहेर काढलं आणि उजव्यावर परतलो, सहा-सात नॉटने. इथे जोडीच्या भरवशाबद्दल एक गोष्ट, जी कोणीच विकताना सांगत नाही: पुष्कळ दोन-इंजिनी बोटी एका इंजिनावर प्लेनवर येतच नाहीत. राहिलेलं इंजिन पूर्ण भार ओढायला लागतं आणि त्याचा प्रोपेलर त्या भाराच्या हिशेबाचा नसतो. घरी पोचता, पण वादळाच्या पुढे पळू शकत नाही. आणि दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून पेट्रोल घेत असतील तर टाकीतल्या पाण्यापुढे जोडी असून नसल्यासारखी.

मेकॅनिकने कव्हर काढून पाच मिनिटांत प्रकरण ओळखलं. वायरिंगच्या कनेक्टरांत हिरवा-पांढरा गंज, स्टार्टर मोटरच्या मागे साचलेला बारीक गाळ, आणि सगळ्यावर नवा काळा रंग. रंग इतका मनापासून मारलेला की पाइपांच्या क्लॅम्पवर होता, स्टिकरच्या कडांवर होता, अगदी ॲनोडवरही होता. ॲनोड म्हणजे जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या त्या वड्या, ज्या स्वतः झिजून इंजिनाचं धातूकाम वाचवतात. रंग मारला की त्यांचं काम संपलं. बोटीची काळजी घेणारा माणूस ॲनोडला ब्रश लावत नाही, त्यामुळे रंगलेला ॲनोड दिसला की समजावं, हे इंजिन सांभाळणाऱ्याने नाही, विकणाऱ्याने रंगवलंय. कॉम्प्रेशन मोजलं तर उजव्याचे सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास, डाव्याचे दोन बाकीच्यांच्या कितीतरी खाली. चांगल्या इंजिनात हा फरक दहा टक्क्यांच्या आत असावा असा साधारण दंडक आहे. गिअर ऑइल दुधाळ, म्हणजे खालच्या सीलमधून पाणी आत. डाव्याच्या कंप्युटरमध्ये सतराशेहून जास्त तास.

पण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती खूण मेकॅनिकशिवाय, लॅपटॉपशिवाय, ट्रेलरमागे उभं राहून दिसते. दोन-इंजिनी बोटीत सहसा उजव्या इंजिनाचा प्रोपेलर मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो आणि डाव्याचा उलट, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याने खोडली जाते. त्यामुळे दोन्ही प्रोपेलरांची पाती आरशातल्यासारखी एकमेकांच्या विरुद्ध कललेली दिसायला हवीत. माझ्या बोटीची दोन्ही एकाच बाजूला कललेली होती, कारण बुडालेलं इंजिन कुठल्यातरी एक-इंजिनी बोटीचं असावं. सुकाणू सोडलं की बोट एकीकडे ओढायची, आणि बंदरातल्या त्या फेरीत याला "वारा" म्हटलं गेलं. लहान बोटींत दोन्ही इंजिनं एकाच दिशेची मुद्दाम बसवलेलीही असतात, आणि सुझुकीच्या काही मॉडेलांत तेच इंजिन दोन्ही दिशांना फिरवता येतं, तेव्हा सारखी पाती म्हणजे फसवणूकच असं नाही. पण "एकाच वेळी कारखान्यातून आलेली जोडी" म्हणणाऱ्याला तिथे थांबवून विचारण्यासारखा प्रश्न हा नक्की आहे.

कव्हरवरच्या आकड्याबद्दलही सांगतो. तो स्टिकर असतो, आणि स्टिकर सुटे मिळतात. यामाहाने ४.२ लिटरच्या एकाच व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) घराण्यातून २२५, २५० आणि ३०० हॉर्सपॉवरची इंजिनं विकली. मर्क्युरीच्या २०१८ मध्ये आलेल्या ३.४ लिटर व्ही-६ वर १७५, २०० आणि २२५ येतात. बाहेरून फरक ओळखणं कठीण. मॉडेल कोड पाहावा, तोही दोन्ही इंजिनांचा. आणि पूर्ण थ्रॉटलवर, माणसं आणि भरलेली टाकी घेऊन, दोन्ही इंजिनं उत्पादकाने दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात पोचतात का, एकत्र पोचतात का, ते पाहावं.

बोटीचं म्हणाल तर तिथेही पाणी मुरत होतं, शब्दशः. जाहिरातीतलं साल इंजिनांचं होतं, हलचं, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचं, नाही. ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात हलचा ओळख क्रमांक असतो. अमेरिकन पद्धतीत तो बारा अक्षर-अंकांचा असून शेवटचे दोन अंक मॉडेल-वर्ष सांगतात, युरोपीय पद्धतीत त्याच्या आधी देशाचा कोड येतो. तो वाचला की बोट बरीच म्हातारी निघाली, टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळातली. त्या काळची दोनशे हॉर्सपॉवरची इंजिनं दोनशे किलोच्या आसपास, आजचं मोठं व्ही-६ फोर-स्ट्रोक अडीचशेच्या. दोन इंजिनं म्हणजे मागच्या टोकावर शंभर किलोचा वाढीव बोजा. ट्रान्समचं प्लायवूड आतून ओलं, त्यावर ताजा जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर. बोट पाण्यात सोडून इंधन भरलं की डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं पाण्याखाली जायची आणि समुद्र उलटा आत यायचा. ट्रेलरवरच्या बोटीत हे कधीच दिसणार नाही. ट्रान्सम तपासायला इंजिन टिल्ट करून त्याच्या खालच्या फिनवर वजन द्यावं आणि कोणीतरी ट्रान्समकडे डोळे लावून बसावं. वाकताना दिसला तर निघावं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलं की ओल्या भागाचा आवाज बद्द येतो.

"ऑफशोअर", म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाणारी, हा शब्दही जाहिरातीत कोणीही लिहितो. युरोपच्या जुन्या नियमांत बी वर्गाला हे नाव होतं; आता फक्त अक्षरं उरलीत, अर्थ तोच: बी वर्ग म्हणजे वाऱ्याच्या ब्युफोर्ट मोजपट्टीवर ८ पर्यंत वारा आणि ४ मीटरपर्यंत लाटा, सी वर्ग म्हणजे ६ आणि २ मीटर. तिथल्या बोटीवर वर्गाची पाटी असते. पाटी वाचावी, जाहिरात नाही.

बदली इंजिन शोधताना फसवणुकीची दुसरी जात भेटली: "पेटीबंद नवं इंजिन", निम्म्या दरात, थेट घरी, पैसे आधी बँकेत. मोठी आउटबोर्ड इंजिनं साधारणपणे डीलर बसवून देतो, ती कुरिअरने उंबऱ्यावर येत नाहीत. मी नंबराच्या पट्टीशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागितला, संभाषण तिथेच संपलं. एकाने "नवीच" म्हणून एव्हिनरूड देऊ केलं. बीआरपी या कंपनीने ती इंजिनं बनवणं २०२० मध्ये बंद केलं, तेव्हा "नवी" म्हणजे इतकी वर्षं पडून राहिलेली, हे त्याने सांगितलं नाही.

सर्व्हे रिपोर्ट असल्याचं विकणाऱ्याने ठासून सांगितलं होतं, आणि होताही. पण तो विम्यासाठी केलेला सर्व्हे होता, आणि हलपुरता. बहुतेक हल सर्व्हेअर इंजिन उघडत नाहीत, तसं ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहूनही ठेवतात. खरेदीपूर्व सर्व्हे वेगळा, इंजिनांचा वेगळा, आणि दोन्हींचे पैसे विकत घेणाऱ्याने स्वतः द्यायचे, म्हणजे अहवाल त्याचा राहतो.

विक्रीच्या कागदावर "दोन आउटबोर्ड इंजिनांसह, आहे त्या स्थितीत" इतकंच होतं. सीरियल नंबर नाहीत, तास नाहीत. त्यावर विकणारा आज उभा आहे. त्याच्या दुर्दैवाने कापलेल्या रिपोर्टच्या तळाशी ज्या वर्कशॉपमध्ये तो काढला त्याचं नाव राहून गेलं. वर्कशॉपवाल्याने वही उघडली आणि लेखी दिलं की त्या दिवशी या बोटीचं एकच इंजिन जोडून तपासलं होतं, दुसऱ्याला लॅपटॉप लावू दिला नव्हता. तो कागद आता वकिलाकडे आहे.