यूट्यूब नेटवर्कसोबत जवळपास वर्षभर: काय मिळालं, काय नाही

मराठी चॅनेल थोडं चालायला लागलं की नेटवर्कवाल्यांचे, म्हणजे कमिशन घेऊन अनेक चॅनेलचं काम बघणाऱ्या कंपन्यांचे, मेल सुरू होतात. "आमच्याशी जोडून घ्या, व्ह्यूज वाढवू, ब्रँड आणू." गेल्या वर्षी वारीच्या तोंडावर मी अशा एका नेटवर्कशी करार केला. आमचं चॅनेल पुण्यातल्या पेठांमधले जुने वाडे, देवळं, पालख्या आणि गणेशोत्सव यांचं. कॅमेरा मावसभाऊ सांभाळतो, लिखाण, आवाज आणि हिशेब माझ्याकडे. नेटवर्कचं नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीत दोघांना दोन वेगळे करार आणि दोन वेगळे मॅनेजर मिळतात. माझ्या अनुभवावरून तुम्ही त्या कंपनीबद्दल मत बनवणं बरोबर होणार नाही.

माझं मत आधीच सांगते. तुमचे व्हिडिओ चोरीला जात असतील, किंवा त्यांवर सतत कॉपीराइटचे क्लेम ("यातला भाग आमचा आहे" असे दुसऱ्यांचे दावे) येत असतील, तर नेटवर्क कामाचं आहे. चॅनेल वाढावं किंवा जाहिरातींचे पैसे वाढावेत म्हणून जात असाल तर जाऊ नका.

पैशांचं गणित सोपं आहे. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतून १०० रुपये आले तर यूट्यूब ४५ ठेवतं आणि ५५ चॅनेलला देतं. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा, तिथे आपला वाटा ४५ टक्के. नेटवर्कचं कमिशन या आपल्या वाट्यातून जातं. माझा करार ८०-२० चा, म्हणजे ५५ मधले ११ त्यांचे आणि ४४ माझे. ते ११ भरून निघायचे तर त्यांच्यामुळे कमाई चौपट नाही, पण निदान सव्वापट तरी व्हायला हवी. तशी ती झाली नाही. जाहिरातींचे दर प्रेक्षक कुठला, विषय कुठला आणि हंगाम कुठला यावर ठरतात. दिवाळीच्या आसपास आमचे दर वर गेले, पण नेटवर्कमध्ये नसलेल्या माझ्या मैत्रिणीचेही गेले.

"आमच्याकडे आलात तर मोनेटायझेशनची (जाहिरातींचे पैसे सुरू व्हायची) अट लागत नाही" असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. २०१८ पासून नेटवर्कमधल्या चॅनेलनाही ती अट पूर्ण करावीच लागते: १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. अमेरिकेच्या कराचा फॉर्मही आपणच अॅडसेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या पैसे देणाऱ्या खात्यात, भरायचा असतो. आमच्या वारीच्या व्हिडिओंना तिकडच्या मराठी घरांतून बरीच दाद मिळते, त्यामुळे हे महत्त्वाचं. फॉर्म नीट भरला तर फक्त अमेरिकी प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवर १५ टक्के कापले जातात. भरलाच नाही तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. या कामासाठी कुणाला कमिशन द्यायची गरज नाही.

आता ज्यासाठी मी गेले ते.

पालख्या पुण्यात मुक्कामी असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. तिथलं आणि दिवेघाटातलं चित्रीकरण हे आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. आषाढी जवळ आली की आमच्याच व्हिडिओतले तुकडे कापून, वर 'राम कृष्ण हरी' लिहून, शेकडो शॉर्ट्समध्ये फिरतात. यूट्यूबचं कॉपीराइट मॅच टूल आपल्याकडे असतंच, पण ते मुख्यतः अख्खा व्हिडिओ उचलणाऱ्याला पकडतं. घाटाच्या वळणावरचा पंधरा सेकंदांचा तुकडा शोधायला कंटेंट आयडी लागतं, म्हणजे आपण नोंदवलेलं चित्र-आवाज इतरांच्या व्हिडिओंत आपोआप शोधणारी यंत्रणा. २००७ पासून चालत आलेली ही व्यवस्था यूट्यूब मोठ्या हक्कधारकांनाच देतं. एकट्या चॅनेलला ती थेट मिळणं जवळपास अशक्य, नेटवर्कमार्फत मिळते.

त्यांच्या हक्क विभागातल्या मुलीने पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, व्हिडिओतला आवाज पूर्ण तुमचा आहे का?" नव्हता. कुठे दिंडीचे टाळ-मृदंग, कुठे लायब्ररीतलं, म्हणजे कुणालाही वापरता येणारं तयार संगीत. जे पूर्णपणे आणि फक्त आपलंच आहे तेवढंच कंटेंट आयडीत नोंदवता येतं. म्हणून तिने आमचं फक्त चित्र नोंदवलं, आवाज वगळला. आवाजासकट नोंदवलं असतं तर तेच लायब्ररी संगीत वापरणाऱ्या भलत्याच लोकांवर आमच्या नावाने क्लेम गेले असते. या एका प्रश्नासाठी मला ती मनापासून आवडली. त्यानंतर सापडलेल्या शॉर्ट्सपैकी काही हटवले, बाकीच्यांवर जाहिरातीचे पैसे आमच्याकडे वळवले. एका दिंडीच्या चॅनेलवाल्यांनी आमचा तुकडा लावला होता, त्यांना मी स्वतः सूट द्यायला सांगितली. चालणारे पाय त्यांचेच होते.

उलट बाजूचे क्लेमही असतात. लक्ष्मी रस्त्यावर स्वागत मंडपातल्या लाउडस्पीकरवर एखादं रेकॉर्ड वाजत असतं, ते आपल्या माइकमध्ये शिरतं आणि क्लेम येतो. तो क्लेम योग्यच आहे. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण ते रेकॉर्डिंग कंपनीचं, आणि भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. वारकरी स्वतः गात असताना चालीवरून क्लेम येतो, तेव्हा मात्र लढायचं. असा क्लेम आला की ५ दिवसांच्या आत हरकत घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. हरकत आपली आपल्यालाही घेता येते. नेटवर्कचा फायदा इतकाच की त्यांची म्युझिक कंपन्यांशी ओळख असते, त्यामुळे आमचे दोन क्लेम मुदत संपायच्या आत सुटले. एकादशीच्या आठवड्यात त्याची किंमत कळते, कारण नंतर तो व्हिडिओ कोण बघतंय? एवढं मात्र लक्षात ठेवा की हे सगळं यूट्यूबपुरतंच. फेसबुक-इन्स्टावर उचललेलं याने सापडत नाही.

ब्रँडच्या बाबतीत निराशा झाली. वाड्यांच्या चॅनेलला त्यांनी आणलेली कामं म्हणजे गेमिंग अॅप आणि कुठल्याशा केसांच्या तेलाची जाहिरात. दोन्ही नाकारली. आमच्या भागातल्या एका पैठणीवाल्यांचं काम मी स्वतः मिळवलं, तर त्यावरही कमिशन मागितलं गेलं. करारात "नेटवर्कने आणलेली कामं" असे शब्द मी आधीच घालून घेतले होते, म्हणून तो विषय एका मेलमध्ये संपला. ब्रँडची कामं घेणाऱ्यांनी 'पेड प्रमोशन'ची खूण करायला आणि व्हिडिओत स्पष्ट सांगायला विसरू नका, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्की (ASCI) या संस्थेचे तसे नियम २०२१ पासून आहेत. फुकट मिळालेल्या वस्तू एकाच कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर गेल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसही लागतो. सीएला आधी विचारा.

करार आमच्या सोसायटीतल्या वकीलकाकांनी वाचून दिला. त्यांनी पेनने खुणा केलेल्या जागा अशा: मुदत आपोआप वाढते का, आणि नको असेल तर किती आधी कळवायचं. पैसे आधी नेटवर्ककडे जातात, मग ते आपल्याला कधी देणार. आणि कंपनीच बंद पडली तर काय. हा शेवटचा प्रश्न मला उगाच वाटला होता, पण अमेरिकेतली डेफी मीडिया नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडली तेव्हा तिच्याशी जोडलेल्या चॅनेलवाल्यांची जाहिरातीची कमाई खरोखर अडकली होती. चॅनेल 'संलग्न' म्हणून जोडायचं, त्यांच्या मालकीच्या यादीत जाऊ द्यायचं नाही, हेही काकांनीच ठळक करून दिलं. यूट्यूब स्टुडिओत येणाऱ्या आमंत्रणात कोणत्या परवानग्या मागितल्या आहेत ते दिसतं. स्वीकारण्याआधी ती यादी करारासोबत ताडून बघा. माझे पैसे एकदा महिनाभर उशिरा आले. करारात तारीख लिहिलेली असल्यामुळे पाठपुरावा करताना बोलायला जागा होती.

यंदा मुदत वाढवताना मी ब्रँडचं कलम पूर्ण काढायला लावलं आणि कमिशन २० वरून १२ वर आणलं. हक्क विभागाचं काम तेवढं चालू ठेवलंय, आणि तेही सहा महिन्यांपुरतं.