मसल स्टिम्युलेटर : आठ महिने वापरल्यावर

आंब्यावरून पडलो, मानेत मज्जारज्जूला अर्धवट इजा झाली, त्याला ३ वर्षं झाली. मनगट उचलतं, बोटं जेमतेम. फिजिओ ताईंनी सुचवलं म्हणून हे दोन चॅनेलचं, म्हणजे करंटच्या दोन वेगळ्या वाटांचं यंत्र घेतलं. कोपराखाली चिकट पॅड लावायचे, ३५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला करंटचे ३५ ठोके ठेवायचे. करंट आला की बोटं मिटतात. पहिल्यांदा मिटली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली.

करंट थांबला की मूठ सैल, हे खरं. पण रोज अर्धा तास यंत्र चालू ठेवूनच स्टीलचा पेला धरायचा सराव केला. आता रिकामा पेला यंत्राशिवाय धरतो. भरलेला नाही.

पॅड मात्र भिकार. घामाच्या दिवसांत आठवडाभरात सुटतात. एकदा कड उचलली गेली, करंट एका जागी एकवटला नि फोड आला. तिथे संवेदना नाही, मला पत्ताच नाही.

अमेरिकेत डिसेंबर २०२४मध्ये मान्यता मिळालेलं ‘आर्क-एक्स’ नावाचं यंत्र मानेवरच्या त्वचेतून मज्जारज्जूला उत्तेजन देतं. हे तसलं नव्हे, हे हाताच्या नसांनाच चेतवतं. विकणारा ‘तेच हो, स्वस्तातलं’ म्हणाला होता. पॅडचा जादा संच त्याच्याकडून फुकट उकळा.