साठीनंतर वजनाचं ऑपरेशन: स्लीव्ह की बायपास?

आईला ६३वं लागलंय, शुगर आहे, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे महिनाभर घरात हाच विषय. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५-८० टक्के भाग काढून टाकतात, आतड्याला हात लावत नाहीत, ऑपरेशन त्यातल्या त्यात लवकर उरकतं, म्हणून वय झालेल्यांना बरेचदा हेच सुचवतात. पण जळजळ, आंबट ढेकर आधीपासून असतील तर ते वाढू शकतात आणि कापलेलं काय परत येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात; त्याचा शुगरवर परिणाम सहसा जास्त चांगला, ॲसिडिटीही कमी होते. गोळ्या दोन्हीकडे आहेत, पण बायपासला बी१२, लोह, कॅल्शियम जन्मभर, चुकवून चालतच नाही.

खरी गोम पेनकिलरची! बायपासनंतर आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो, आणि आमच्या मातोश्रींच्या पर्समध्ये चष्म्याच्या डबीत अर्धी स्ट्रिप कायम असते, डॉक्टरांना सांगायचं मात्र विसरली.

तयारी बाकी सारखीच, लिव्हर आकसावं म्हणून आधी दोनेक आठवडे कमी कॅलरीचं नाहीतर लिक्विड डाएट. आईचा प्रश्न एकच, चहा चालेल ना?

मला विचाराल तर ढेकरांचा त्रास नसेल तर स्लीव्ह, पण एंडोस्कोपी करून मगच.