आर्क्टिक कौन्सिलचे ब्लॅक कार्बन-मिथेन रिपोर्ट: पाचपैकी तीन स्टार

आर्क्टिक कौन्सिल म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या आठ देशांचा गट. हे देश काजळी (ब्लॅक कार्बन) आणि मिथेन वायू कमी करायला काय करतायत ते त्यांनीच लिहून द्यायचं, अशी ही सिस्टीम २०१५ पासून आहे. वाचायला अपेक्षेपेक्षा बरे आहेत हे रिपोर्ट. टार्गेट २०१७ ला ठरलं, २०१३ च्या तुलनेत २०२५ पर्यंत काजळी २५ ते ३३ टक्के कमी, पण सगळ्यांनी मिळून आणि ऐच्छिक, म्हणजे कोणी नाही केलं तर विचारणार कोण?

मला नॉर्वेचं काम आवडलं. तिथे काजळीचा मोठा सोर्स म्हणजे घरातले लाकडाचे स्टोव्ह, मग जुना बदलायला ओस्लोसारख्या शहरांत अनुदान, वर लोकांना शिकवलं की लाकडं खालून नाही वरून पेटवा, धूर कमी होतो. साधं, पण कामाचं, कारण काजळी हवेत जेमतेम काही दिवस टिकते तरी बर्फावर बसली की पांढरा बर्फ काळवंडतो, ऊन शोषतो आणि पटापट वितळतो.

आर्क्टिक समुद्रातल्या जहाजांच्या जड इंधनावरची (त्यातूनही काजळी येते) बंदी मात्र अर्धवट वाटली, जुलै २०२४ ला लागू झाली खरी पण सवलती २०२९ पर्यंत, मग उपयोग काय 🙄 एक स्टार तिथेच कापला.