'द लेडीकिलर्स': १९५५चा घ्यावा की २००४चा?

एकच डिस्क घेणार असाल तर १९५५चा मूळ चित्रपट घ्या, आणि तोही डीव्हीडीवर नको, ब्लू-रे किंवा ४के (ब्लू-रेहून बारीक तपशील दाखवणारी डिस्क) यांवर. हे आधीच सांगून टाकतो, कारण २००४चा रीमेकही मला मनापासून आवडतो आणि पुढे त्याचं कौतुक वाचून तुमचा गोंधळ उडायला नको.

गोष्ट दोन्हीकडे तीच. एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे एक 'प्रोफेसर' भाड्याने खोली घेतो, चार साथीदार जमवतो, आम्ही वादक आहोत, सराव करतो असं सांगतो आणि घरात दरोड्याचा बेत शिजतो. पुढे म्हातारीला सगळं कळतं. तिला संपवायचं ठरतं आणि दरोडेखोरच एकेक करून कमी व्हायला लागतात.

मूळ चित्रपट लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेन्ड्रिक. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळचं एक कललेलं घर, मागून जाणाऱ्या मालगाड्यांचा धूर. प्रोफेसरच्या भूमिकेत मोठाले दात लावलेला अ‍ॅलेक गिनेस, तरुण पीटर सेलर्स, सतत संशयाने बघणारा हर्बर्ट लॉम, सगळेच कसलेले. पण चित्रपट उचलून नेते ती म्हातारी झालेली केटी जॉन्सन. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बाईंना या भूमिकेसाठी ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिच्या मैत्रिणी चहाला येतात आणि दरोड्याचा पैसा घरात असताना या गुंडांना हातात कपबशी धरून अदबीने उभं राहावं लागतं, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, मोजदाद नाही. म्हातारी कुणाला धमकावत नाही, नुसती चांगली वागते. त्या चांगुलपणापुढे यांचं काही चालत नाही, सगळा विनोद तिथे आहे.

२००४च्या रीमेकचे दिग्दर्शक जोएल आणि ईथन या कोएन बंधूंनी गोष्ट अमेरिकेत मिसिसिपीला नेली. पैसे नेणाऱ्या व्हॅनऐवजी नदीवरच्या कॅसिनोची तिजोरी, म्हातारीच्या तळघरातून खणलेला बोगदा, आणि प्रेतं मालगाडीच्या डब्यात न टाकता पुलावरून कचरा वाहणाऱ्या सपाट बोटीवर, म्हणजे बार्जवर. इथली म्हातारी चर्चला जाणारी कृष्णवर्णीय विधवा आहे आणि इर्मा पी. हॉलने ती अशी जिवंत केली की २००४च्या कान महोत्सवात तिला ज्यूरी पुरस्कार मिळाला. शिव्या देणाऱ्या मार्लन वेयन्सला ती थोबाडीत ठेवून देते तेव्हा मला दरवेळी बरं वाटतं. टी-बोन बर्नेट यांनी जमवलेली गॉस्पेल गाणी, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधली भक्तिगीतं, तर अप्रतिमच.

मग कमी कुठे पडतो? ही बाई पहिल्यापासून खंबीर आहे, त्यामुळे तिच्या जिवाची काळजी वाटतच नाही. शिवाय एडगर अ‍ॅलन पोच्या कविता म्हणणारा टॉम हँक्सचा प्रोफेसर ऐकायला गोड आहे, पण त्याची भीती वाटत नाही. गिनेसची सावली दारावर पडते तिथेच पोटात गोळा येतो.

आता डिस्ककडे. मूळ चित्रपटाची ब्रिटिश डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीची आहे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट तिथे २५ने पळतो आणि ९१ मिनिटांचा खेळ सुमारे ८७ मिनिटांत आटोपतो. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण ज्या विनोदाचा जीव अवघडलेल्या शांततेत आहे, त्यात ती ४ टक्के घाई जाणवते. ब्लू-रेवर मूळ गती मिळते.

त्याहून मोठं कारण रंगांचं. हा चित्रपट तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये चित्रित झाला, म्हणजे एकाच दृश्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी तीन वेगळ्या कृष्णधवल निगेटिव्ह, ज्या एकत्र करून रंगीत चित्र बनतं. वर्षांनुवर्षांत त्या कमीजास्त आकसतात आणि एकमेकींवर नीट बसत नाहीत, मग कडांना रंग फुटतात. २०२०मध्ये ६५ वर्षांच्या निमित्ताने स्टुडिओकॅनलने केलेल्या ४के पुनर्संस्करणात चित्र लख्ख झालं आहे. धुरकट खोल्यांमध्ये म्हातारीचे फिकट कपडे उठून दिसतात आणि ती या घरात किती एकटी आहे ते नजरेला कळतं. डिस्क जगाच्या ठरावीक विभागांतल्या प्लेअरवरच चालतात, म्हणून ब्रिटिश ब्लू-रे घेताना आपला प्लेअर 'बी' विभागाची डिस्क वाचतो का ते तपासा. ४के डिस्कला सहसा विभागाची अडचण नसते, पण त्यासाठी प्लेअर ४केचाच लागतो.

रीमेक १०४ मिनिटांचा. त्याच्या अमेरिकन डीव्हीडीला गतीची अडचण नाही, मात्र ती १ क्रमांकाच्या विभागाची आहे, म्हणून आपला प्लेअर ती वाचतो का तेही पाहा. पुरवणीत गॉस्पेलचं सलग गायन आहे, त्यासाठीही ती डिस्क जपून ठेवावीशी वाटते. हँक्सची अलंकारिक इंग्रजी सबटायटल्सशिवाय निसटते, तेव्हा ती लावूनच बघा.

मुलांसोबत बसणार असाल तर प्रश्नच नाही, मूळच लावा. रीमेकमध्ये शिव्यांचा मारा आहे. कोएन बंधूंचे बाकीचे चित्रपट आधीच जमवले असतील, किंवा गॉस्पेल ऐकून अंगावर काटा येत असेल, तर रीमेकही घ्या, पण मूळ पाहून झाल्यावर.