न मोजताच दिलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट: ईएमआय (उपकरणांमुळे होणारा विद्युतचुंबकीय व्यत्यय) टेस्टिंग करणाऱ्यांनी सावध राहा

कॅलिब्रेशनसाठी (उपकरण किती अचूक आहे हे मोजून घेण्यासाठी) म्हणून एजंटने आमचा प्रीॲम्प (क्षीण सिग्नल वाढवणारं उपकरण) नेला, न मोजताच परत आणून दिला आणि वर शिक्क्याचं सर्टिफिकेट दिलं. अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये घडलेला हा प्रकार आहे. मुंबईतले अनेक छोटे उत्पादक अशीच एजंटमार्फत उपकरणं पाठवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही पॉवर अडॅप्टर बनवतो. माल लॅबला पाठवण्याआधी त्यातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरी स्वतः मोजतो. अँटेनाचा सिग्नल क्षीण असतो, म्हणून स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे हे दाखवणाऱ्या यंत्राच्या) आधी प्रीॲम्प लावावा लागतो. आलेल्या आकड्यात अँटेना फॅक्टर (अँटेनाचा ठरलेला आकडा) आणि केबल लॉस (केबलमध्ये घटलेला सिग्नल) मिळवायचा, प्रीॲम्पचा गेन (त्याने सिग्नल जितका वाढवला तो) वजा करायचा, की खरी फील्ड स्ट्रेंग्थ म्हणजे लहरींची तीव्रता मिळते. गेन फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. त्यामुळे त्याचा तक्ता करेक्शन डेटा म्हणून ॲनालायझरमध्ये भरून ठेवतात आणि स्क्रीनवर थेट अंतिम आकडा दिसतो. म्हणजे तक्ता खोटा असेल तर पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं.

सीआयएसपीआर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकात क्लास बीची, म्हणजे घरगुती वापराच्या उपकरणांची मर्यादा ३ मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये ४० डीबी (डेसिबल) मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. नव्या मॉडेलला २०० मेगाहर्ट्झच्या आसपास आमच्याकडे ३७.१ दिसत होते. लॅबमध्ये तोच माल ४० च्या वर जाऊन नापास झाला. फी गेली, ऑर्डर लांबली, गिऱ्हाईकाची बोलणी खावी लागली.

मग आम्ही गेन स्वतः मोजला. सिग्नल जनरेटरमधून उणे ४० डीबीएमचा (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं एकक) सिग्नल द्यायचा, आधी नुसत्या केबलने आणि मग मध्ये प्रीॲम्प घालून. दोन वाचनांतला फरक म्हणजे गेन. सिग्नल झेपेनासा होऊन प्रीॲम्प सॅच्युरेट होत असेल तरी गेन कमी दिसतो, म्हणून आणखी क्षीण, उणे ५० वरही पाहिलं. दोन्ही वेळा २६.५ डीबी. सर्टिफिकेटवर ३०.२. प्रीॲम्प कमजोर झाला होता आणि ॲनालायझर ३.७ डीबी जास्तीचे वजा करत होता. ३७.१ चे खरे ४०.८!

जुनं सर्टिफिकेट काढून शेजारी ठेवलं. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला दोन्ही वर्षांचे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत तेच. आरएफमध्ये (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या मोजमापात) हे शक्यच नाही. नुसता कनेक्टर काढून पुन्हा लावला तरी शेवटचा अंक हलतो. जुन्या तक्त्यावर नवी तारीख टाकली होती, बस्स. एजंटला विचारलं तर म्हणाला, "सर, मशीन चांगलं असलं की आकडे सेमच येतात." मोजताना घेतलेली मूळ रीडिंग्ज मागितली, तर फोन उचलणंच बंद केलं.

सर्वांत संतापजनक गोष्ट पुढे कळली. सर्टिफिकेटवरचा एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतातल्या मंडळाचा) सीसी क्रमांक, म्हणजे कॅलिब्रेशन लॅबचा मान्यता क्रमांक, खरा होता. पण एनएबीएलच्या वेबसाइटवर त्या लॅबचा स्कोप (मान्यता असलेल्या मापनांची यादी) उघडला, तर त्यात प्रेशर गेज आणि थर्मामीटर. आरएफचं नावच नाही. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नसते. कोणतं मापन, कोणत्या रेंजमध्ये, किती अनिश्चिततेने, हे सगळं स्कोपमध्ये लिहिलेलं असतं. गेनसाठी आपली फ्रिक्वेन्सी रेंज त्यात आहे का, हे उपकरण हातातून सोडण्याआधी बघा. पावती एजंटच्या नावाची नको, लॅबच्या नावाची घ्या. लॅबने उपकरणात ॲडजस्टमेंट (दुरुस्ती) केली असेल तर आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही वाचनं मागा. आधीच्या वाचनावरूनच कळतं की मधल्या काळात पास केलेला माल पुन्हा तपासायचा की नाही.

आम्ही दोन्ही सर्टिफिकेटं जोडून एनएबीएलकडे तक्रार केली आहे. एजंटने "फुकटात पुन्हा कॅलिब्रेशन करून देतो" असा निरोप पाठवला. तो आम्ही नाकारला. पैसे परत मिळालेले नाहीत. एजंटमार्फत आरएफची उपकरणं कॅलिब्रेट करून घेणाऱ्यांनी आपली मागच्या दोन वर्षांची सर्टिफिकेटं आजच शेजारी ठेवून ताडून बघावीत, आणि सगळे आकडे हुबेहूब तेच निघाले तर तक्रार करावी.